खाली सही सरांची

४ ऑक्टोबर

वही नवी आहे, तेव्हा आधी ओळख करून देतो. मी ‘कप्तान नांगर’चा शाईवाला. आमच्या साप्ताहिकाच्या मधल्या चार पानांवर ही चित्रकथा येते. सर पेन्सिलीने काढतात, मी त्यावर शाई चढवतो. लाटा माझ्या, बोटीचे दोर माझे, फुग्यांतली अक्षरं माझी. खाली सही सरांची. नऊ वर्षं झाली. पहिल्या अंकानंतर एका वाचकाने पत्र टाकून विचारलं होतं, की कप्तान पेरणी कधी करणार? सरांनी ते पत्र अजून भिंतीवर चिकटवून ठेवलंय.

आज सरकारच्या प्रसिद्धी खात्याचे तपासनीस आले होते. युद्ध लागल्यापासून, म्हणजे दोन महिने, प्रत्येक पान छापण्याआधी ते बघतात. गोड माणूस. आधी चहा, मग हरकत. आज म्हणाले, “हा ढोल्या नदीपलीकडचा ना हो?”

ढोल्या म्हणजे कप्तानाचा जोडीदार, बोटीवरचा आचारी. मोठं पोट, झुपकेदार मिशा, दर वाक्याला “अरे माझ्या राजा”. मुलांना कप्तानापेक्षा तोच आवडतो. आणि आहे खरा नदीपलीकडचा. नऊ वर्षांपूर्वी त्यात काही वावगं नव्हतं. आता पलीकडच्यांशीच युद्ध आहे.

“हळूच बाजूला करा त्याला,” तपासनीस म्हणाले. “आजारी पाडा. घरी पाठवा.”

सर बाहेर गेले होते. मला एकदम सुचलं. म्हटलं, “साहेब, नुसता घालवला तर मुलं विचारत बसतील. त्यापेक्षा तो फितूर निघाला तर?”

त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही इथे नुसती शाई लावता?”

नऊ वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

७ ऑक्टोबर

सरांना कल्पना पटली नाही. पटली नाही म्हणजे काय, त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली.

“ढोल्या बोटीवरून उतरेल. कप्तानाला मिठी मारेल आणि जाईल. फितूर मी करणार नाही.”

“सर, कागदावरचा तर माणूस आहे.”

“कागदावरचा? खाली जाऊन बघ. आत्ता ॲसिडच्या परातीत वाकून बसलाय.”

खाली म्हणजे तळघरात, जिथे जस्तकाका ब्लॉक बनवतात. आमचं पान जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचं, ॲसिडला मोकळी जागा खाऊ द्यायची, रेघा तेवढ्या वर राहतात, त्यावरून छपाई. नावही त्यावरूनच पडलं. सरांनी ढोल्याचा चेहरा त्यांच्यावरून घेतलाय. पोट, मिशा, “अरे माझ्या राजा”, सगळं त्यांचंच. काकाही विसाव्या वर्षी नदी ओलांडून कामाला आले ते इथलेच झाले. पाहुणे आले की त्यांना अंक दाखवून सांगतात, “हा मी. फक्त पोहायला मला येत नाही.” काकूंनी आमच्या हिला विणकाम शिकवलं. आमची चिमणी तर त्यांच्या घरीच लहानाची मोठी झाली.

मलाही काकांबद्दल माया आहे. पण गोष्ट ही गोष्ट असते.

१२ ऑक्टोबर

तपासनीसांनी विचारलं, सरांचं काय चाललंय? मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, माणूस देवासारखा, पण हट्टी. वरून हुकूम आला तरी ऐकेल असं वाटत नाही. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. फुलझाडांचा शौक आहे त्यांना.

१९ ऑक्टोबर

सरांची भरतीतली सूट रद्द झाली. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दम्याचा त्रास, आणि थेट सीमेवर. काय हे नशीब! मला फार वाईट वाटलं.

२३ ऑक्टोबर

स्टेशनवर गेलो होतो. वहिनींनी एकदाही डोळे पुसले नाहीत, नुसती सरांच्या कोटाची बटणं लावत होत्या, लावलेली परत काढून लावत होत्या. सरांनी त्यांचे तिन्ही चांगले ब्रश मला दिले. म्हणाले, “ढोल्याला जप.”

मी हो म्हटलं. स्टेशनवर माणूस हो म्हणतो.

३० डिसेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. नोव्हेंबरात छापखान्याच्या मागच्या गल्लीत बॉम्ब पडला, छप्पर उडालं, मग कागद मिळेना. अंक बंद. सरांनी जाण्यापूर्वी काढलेल्या शेवटच्या चौकटीत कप्तान कड्यावरून दोराला लटकतोय, आणि वर दोर तुटत चाललाय. आठ आठवडे बिचारा तिथेच आहे. रस्त्यात मुलं मला अडवून विचारतात, पडला का हो? एका बाईंनी विचारलं, त्यांचा मुलगा आजारी होता, त्याला निदान कानात तरी सांगा. मी म्हटलं, गुपित आहे. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं.

२० जानेवारी

अंक पुन्हा सुरू. चाराऐवजी दोनच पानं, कागद वर्तमानपत्राचा, शाई धरतच नाही. पण दोन्ही पानं माझी! गोष्ट माझी, पेन्सिल माझी, शाई माझी.

संपादक म्हणाले, “सही मात्र त्याचीच घाल. लोक त्या सहीला ओळखतात.” एवढ्यावर थांबले नाहीत. पानाच्या वर चौकट छापली: ‘आमचे लाडके चित्रकार रणांगणावरून, थेट छावणीतून आपल्यासाठी पानं पाठवत आहेत.’ तपासनीसांना ती इतकी आवडली की खात्याने भित्तिपत्रक काढलं.

सरांची सही मी दोन दिवस गिरवली. हिला दोन्ही दाखवल्या, तिला फरक कळेना. म्हणाली, “मग तुझं नाव कुठे?” म्हटलं, कुठेच नाही.

जेवताना बोललो नाही तिच्याशी.

२८ जानेवारी

ढोल्याने दोर कापला.

म्हणजे, कड्यावर सुरी घेऊन उभा होता तो ढोल्या, असं मी दाखवलं. कप्तान खाली झाडावर अडकतो, वर बघतो, आणि मोठ्या चौकटीत ढोल्याचा हसरा चेहरा. तेच हसू ठेवलं, फक्त भुवया वाकड्या केल्या. इतक्याशा बदलाने माणूस कसा पालटतो ते बघून मीच चकित झालो.

पान घेऊन तळघरात गेलो. काकांनी हात पुसले, पान दिव्याखाली धरलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “मिशा छान आल्यात.”

“काका, मनाला लावून घेऊ नका. गोष्ट आहे.”

“हो ना. गोष्टच आहे.”

ब्लॉक मात्र असा स्वच्छ आला, एक रेघ तुटली नव्हती.

१६ फेब्रुवारी

पत्रांचा पाऊस. अंक दुपारपर्यंत संपतो. एका शाळेतल्या मुलांनी ढोल्याचा पुतळा करून जाळला आणि त्याचा फोटो पाठवला. पुतळ्याच्या मिशा झाडूच्या काड्यांच्या होत्या. तपासनीसांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सरांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं, हे मी फक्त या वहीत लिहितोय.

१ मार्च

काका डोक्याला फडकं बांधून आले. गल्लीतल्या पोरांनी दगड मारले. “ढोल्या, दोर कुठाय?” असं ओरडत होती म्हणे. मी त्यांना म्हटलं, पोरांना काय कळतं? काका म्हणाले, “पोरांचे बापही होते.”

तरी आठवड्याचं पान वेळेत. या पानात ढोल्या विहिरीत विष टाकतो. काकांनी ॲसिडची परात नेहमीसारखी हलवली, हळूहळू, बाळाला झोपवावं तशी. त्यांचा स्वतःचा चेहरा पत्र्यावर वर येत होता. म्हटलं, काका, तुमच्यासारखा कारागीर नाही. त्यांनी परात तशीच हलवत ठेवली.

१५ मार्च

आज जिन्यात एक माणूस मला “चला, बाजूला व्हा” म्हणाला, आणि तो आवाज ऐकून कळलं की हे काका! मिशा काढल्यात. वरचा ओठ लहान मुलासारखा पांढराफटक. पोटही राहिलेलं नाही. म्हणाले, “दुकानात आता माल मिळतो. कोणी ओळखत नाही.” जरा हसलेही.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात पुढचं पान तयार होतं. ढोल्याला सगळे शोधतायत, म्हणून तो मिशा काढून वेष पालटतो! आता तो कोणीही असू शकतो, तुमच्या शेजारीही! इतकी चांगली कल्पना मला वर्षात सुचली नव्हती.

२२ मार्च

काकांनी त्या पानाचा ब्लॉक केला. वर आणून द्यायला मात्र स्वतः आले नाहीत, जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवून गेले. मला वाटलं होतं, मी त्यांच्याकडे इतकं बारकाईने बघतो याचं त्यांना बरं वाटेल.

२९ मार्च

तपासनीस खूश. “मिशांची कल्पना सुचली कुठून?” मी सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं? मग म्हणाले, मूळ माणसाला एकदा बघायला हवं, राहतात कुठे? पाण्याच्या टाकीमागे, तिसरं घर, हिरवं दार. त्यांनी लिहून घेतलं. खात्यात राहूनही कलेची जाण असलेला माणूस विरळा.

५ एप्रिल

जस्तकाकांना आणि काकूंना नेलं. नदीपलीकडच्यांसाठी शहराबाहेर तळ उभारलाय, तिथे. अंक दोन दिवस उशिरा निघाला. नवा ब्लॉकवाला अगदीच कामचलाऊ आहे, समुद्राचा चिखल करून टाकला.

चिमणीला सांगितलं, काका गावाला गेले. ती म्हणाली, “दार उघडं टाकून?”

ही विचारत होती, पत्ता कोणी दिला असेल? म्हटलं, एवढा प्रसिद्ध माणूस, सगळ्या गल्लीला ठाऊक. ही विणकाम काढून बसली आणि विणलेलं सगळं उसवलं.

यादी आधीच तयार असणार. अशा गोष्टी एका दिवसात होत नाहीत.

११ मे

मधे दोन वर्षं गेली आणि या वहीला मी हात लावला नाही. लिहिण्यासारखं काय होतं? दर आठवड्याला दोन पानं, नंतर एक, नंतर अर्धं. ढोल्या एकूण सहा वेळा मेला, खपासाठी पाच वेळा परत आणला.

आज लिहितोय कारण युद्ध संपलं. आपण हरलो. मुख्य रस्त्यावरून नदीपलीकडचे रणगाडे गेले. लोक खिडक्यांतून हात हलवत होते, म्हणून मीही हलवला. तपासनीसांच्या कार्यालयात गेलो तर कुंड्या तेवढ्या राहिल्या होत्या.

३ जून

नव्या राजवटीच्या समितीच्या बाई कार्यालयात आल्या. चहा घेत नाहीत. साप्ताहिक चालू ठेवायचं म्हणाल्या, मुलांपर्यंत पोचायला याच्यासारखं साधन नाही. माझा जीव भांड्यात पडला.

“पण कप्तान चालणार नाही. हुद्दे, पदव्या सगळं गेलं.” त्यांनी दारावरच्या ‘कप्तान नांगर’च्या पाटीकडे बघितलं. “नांगर हे नाव मात्र उत्तम. शेतकरी करा त्याला.”

मी भिंतीवरच्या पेरणीच्या त्या जुन्या पत्राकडे बघितलं आणि हसू दाबलं. समुद्र गेला. आता कप्तान नांगर खरोखरच नांगर धरणार, पडीक जमीन फोडणार, साठेबाजांना पकडणार. बाईंनी विचारलं, जमेल का? म्हटलं, बैल मला चांगले काढता येतात. येत नाहीत, पण शिकेन.

मग त्यांनी पिशवीतून ढोल्याची पानं काढून टेबलावर पसरली. सगळीच्या सगळी. विहीर, दोर, मिशा.

“या पानांनी माणसं मेली. हे कोणी काढलं?”

संपादकांनी बोट ठेवलं. “खाली सही आहे.” पुढे म्हणाले, “छावणीतून पाठवायचे. आम्ही तसं छापलंही होतं.”

मी तिथेच उभा होतो, टेबलापासून हातभर अंतरावर. मला कोणी विचारलं नाही.

१७ जुलै

सर युद्धकैद्यांच्या गाडीने परत आले. वहिनी सकाळपासून फलाटावर होत्या, इस्त्रीचा शर्ट घेऊन. समितीच्या माणसांनी सरांना डब्यातूनच दुसऱ्या बाजूने उतरवलं. वहिनींना ते कळलंच नाही. गाडी रिकामी होऊन यार्डात जाईपर्यंत त्या डबे बघत होत्या.

२ ऑगस्ट

जस्तकाका परत आले. काकू दुसऱ्या हिवाळ्यात तळावरच गेल्या, तापाने. नव्या सरकारने काकांना जुनी जागा दिली, तेच तळघर, तीच परात. मी भेटायला गेलो. म्हटलं, “काका, काकूंचं ऐकून फार वाईट वाटलं.” ते म्हणाले, “पत्रा घासायचा दगड कुठे ठेवलास?”

दगड मी ठेवला नव्हता.

२० ऑगस्ट

उद्या सरांची सुनावणी. मलाही बोलावलंय. बराच विचार केला आणि ठरवलं: खरं सांगायचं. सर छावणीत होते, पानं माझी, सही गिरवलेली. जे होईल ते होवो. हिला सांगितलं. तिने किती दिवसांनी माझ्याकडे धड बघितलं! स्वच्छ शर्ट काढून ठेवलाय. मनावरचा दगड उतरल्यासारखं वाटतंय.

२१ ऑगस्ट

घडलं तसं लिहितो.

शाळेच्या सभागृहात सुनावणी. समितीच्या बाई मधे. सरांना आणलं, कुबडी होती, डावा पाय गुडघ्याखाली नाही. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, अगदी पूर्वीसारखी, काम सुरू करूया असं सांगणारी.

बाईंनी पानं पुढे केली. “हे तुमचं?”

“नाही. मी खंदक खणत होतो. तीन वर्षं पेन्सिल पाहिली नाही.”

“सही?”

“सही चांगली उतरवलीय.” मग त्यांनी पान जवळ घेतलं, आणि काय झालं कोण जाणे, एकदम जुने सर झाले. “पण चित्र? हा हात बघा बाई. अंगठा उलट्या बाजूला. मी असा हात काढेन? हा घोडा. मागचे पाय माणसासारखे वाकलेत. इथे बोटीची सावली उजवीकडे आणि माणसांची डावीकडे. दोन सूर्य आहेत का?” लोक हसायला लागले. सरही हसले. “आणि हा चेहरा. नऊ वर्षं मी हा चेहरा काढला. हा मेलेला आहे. ज्याने काढलाय त्याला रेघ ओढता येते, बघता येत नाही.”

सगळं सभागृह हसत होतं. माझे कान तापले. ती पानं दुपारपर्यंत संपत होती, मुलं रस्त्यात मला अडवत होती, हे यातल्या कोणाला माहीत होतं? दोन सूर्य म्हणे. ब्लॅकआउटमध्ये, मेणबत्तीवर काढलंय मी ते पान.

मग बाईंनी मला उभं केलं. “तुम्ही बारा वर्षं त्यांच्यासोबत काम केलंत. हात कोणाचा?”

मी म्हणालो, “सरांचा.”

हसणं थांबलं. सर माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. चौकटीत काहीतरी चुकलंय पण नेमकं काय ते सापडत नाही, तेव्हा बघायचे, तसं.

मागच्या बाकावरून जस्तकाका उठले. “खोटं आहे. मला नेईपर्यंतचं प्रत्येक पान मी ॲसिडात धुतलंय. सरांची रेघ मी आंधळा झालो तरी बोटाने ओळखेन. ही त्यांची नाही. याची आहे.” आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

बाई म्हणाल्या, “काका, तुम्हाला विचारलेलं नाही.”

“माझाच चेहरा आहे तो.”

“म्हणून तर ही सुनावणी आहे. तुमच्यावर अन्याय करणाऱ्यालाच शिक्षा होतेय. खाली बसा.” मग त्यांनी फाइल बंद केली. “सही आहे, छापील निवेदन आहे, सहकाऱ्याची साक्ष आहे.” आणि मला, जाता जाता, हळू आवाजात: “शेतकऱ्याचं पहिलं पान सोमवारी लागेल.”

सरांना आठ वर्षं, दगडाच्या खाणीत.

मी ठरवलं होतं खरं सांगायचं. सर तसं बोलले नसते तर सांगितलंही असतं. हिला मी हेच समजावत होतो. ती चिमणीला घेऊन आईकडे गेलीय, दोनचार दिवस म्हणाली.

२७ ऑगस्ट

शेतकरी नांगर प्रसिद्ध झाला. खाली माझं नाव. नाव छापायचं हे बाईंनीच ठरवलं. अंक हातात घेऊन मी तीन रस्ते चाललो. दुकानात एक मुलगा पान उलटून कोडं सोडवायला बसला, पण पहिलाच अंक आहे.

काका ब्लॉक आणतात, टेबलावर ठेवतात आणि जातात. एक शब्द नाही. सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं त्यांनी, आणि अबोला धरायचा तोही त्यांनीच. इतक्या वर्षांच्या ओळखीला काही अर्थ आहे की नाही?

ही अजून आली नाही.

९ सप्टेंबर

दुपारी वहिनी आल्या, सरांचं सामान न्यायला. मी सगळं नीट बांधून ठेवलं होतं: निब, पट्ट्या, खोडरबराचे तुकडे, मोठा ड्रॉइंग बोर्ड. ब्रश सरांनी मला दिलेले होते, त्यामुळे ते ठेवले.

वहिनींनी बसायला नकार दिला. म्हणाल्या, रविवारी खाणीवर भेट झाली, जाळीतून, दहा मिनिटं. सरांनी माझ्यासाठी निरोप दिला होता. शिव्या असतील तर ऐकून घ्यायच्या, असं मी ठरवलं.

“ते म्हणाले,” वहिनी पाठ केल्यासारखं बोलत होत्या, “सगळ्यांसमोर तुझ्या चुका काढायला नको होत्या. शिकवणाऱ्याने एकट्यात सांगायचं असतं. मनाला लागलं असेल. माफ कर म्हणाले.”

मला खूप मोकळं वाटलं. सरांचं मन मोठंच.

“वहिनी,” मी म्हटलं, “त्यांना सांगा, माझ्या मनात काही ठेवलेलं नाही.”

त्या उभ्याच राहिल्या. मी आणखी काही बोलेन अशी वाट बघत असाव्यात. मग त्यांनी बोर्ड उचलला. तो त्यांच्या खांद्याइतका उंच, दारातून आडवा निघेना, मग उभा करून बघितला. मी दार धरून ठेवलं.

“सांभाळून,” मी म्हटलं, “पायऱ्या उंच आहेत.”